एक मीटर गाळ

ओहोटी पुरती उतरली तेव्हा
बासेनबाईंनी नळी रोवली
कांदळाच्या दोन मुळांमधे.
हातोडा माझ्याकडे. आई पाठमोरी.
तिला कालवं काढायची होती, आणि
सालूमची भरती कुणासाठी थांबत नाही,
डाकारहून आलेल्या बाईंसाठी तर नाहीच.

नळी आधी लोण्यात सुरी जावी तशी गेली,
मग अडत अडत,
मग माझ्या खांद्यातून कळ येईपर्यंत.
उपसताना गाळाने असा काही आवाज केला
की वाली असता तर हसून लोळला असता.

वाली नाही.
दोन वर्षांपूर्वी रंगवलेल्या होडीत बसून
उत्तरेला गेला, स्पेनच्या बेटांकडे,
आणखी त्र्याऐंशी जणांबरोबर.
गावात म्हणतात, पोराला बाहेरचं वारं लागलं.
घरात कुणी काहीच म्हणत नाही.
त्याचा चमचा आई रोज घासते
आणि परत खुंटीच्या पिशवीत ठेवते.

फळीवर नळी उघडली.
माझ्या कमरेएवढा लांब गाळ,
काळा, चकचकीत,
सडक्या अंड्यांचा वास मारणारा.
बाई बोट फिरवत गेल्या:
ही वरची चार बोटं म्हणजे तू, सिगा, जन्मापासून आजवर.
ही तुझी आजी असेल.
इथे भुईमूग न्यायला गलबतं येत.
त्याखाली गलबतंही नाहीत.
आणि अगदी तळाशी, दोऱ्याएवढं,
एक मूळ. सालीसकट.
कोऱ्या चहाच्या रंगाचं.

कुजलं कसं नाही?

कुजायलाही हवा लागते, बाई म्हणाल्या.
इथे बोटभर खाली हवाच नाही.
झाड वरून धूर घेतं,
त्याचं पान करतं, मूळ करतं,
आणि गाळ ते पोटात घालतो.

कुणाकुणाचा धूर?
आमच्या गावात मोटार एकच,
तीही विटांवर उभी, तिच्यात कोंबडी बसते.
न पाहिलेल्या शहरांचा, न बसलेल्या विमानांचा धूर
आणि पोटात घालणारा आमचा गाळ,
थोरल्या सुनेसारखा,
हूं नाही की चूं नाही.

पलीकडच्या वळणावर कुणी मिठागर काढलं होतं.
कांदळ तोडलं, बांध घातला, पाणी अडवलं.
मीठ दोन हंगाम आलं. मग मालक गेला.
आता तिथली जमीन राखेच्या रंगाची,
टाचेएवढ्या भेगा.
बाई म्हणाल्या, तीनशे वर्षांचं साठवलेलं
भेगांमधून निघून गेलं बघ,
दिसलं नाही, ऐकू आलं नाही.

त्यांनी गाळाचे काप केले, नारळीपाकाच्या वड्या पाडाव्यात तसे,
पिशव्यांत भरले, आकडे घातले.
यात किती आहे ते कसं कळणार?
भट्टीत जाळून, त्या म्हणाल्या,
आणि जरा ओशाळल्या.
मोजायचं तर जाळावं लागतं.

आई आली. अर्धं पोतं कालवं,
हातात मोजे म्हणून वालीचे जुने पायमोजे.
फळीवरच्या त्या शेवटच्या कापाकडे पाहत राहिली,
मुळाला बोट लावलं, लगेच काढलं.
मला वाटलं, किंमत विचारेल.
बाजारात ती सगळ्याचीच विचारते.

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.
बाईंनी पिशव्या होडीत ठेवल्या.
मी नळी धूत होते.

भोक बुजवलंस का? आईने विचारलं.
भरती आपसूक बुजवेल की, मी म्हटलं.

ती मागे वळली.
दोन्ही मुळांना धरून वाकली,
ओंजळीने गाळ लोटला आत, 
आणखी एक ओंजळ,
मग टाच रोवून दाबत राहिली,
पाणी पोटऱ्यांवर चढलं तरी.

उघडं टाकू नये, म्हणाली.
वारं लागतं.